एकाच कपाटातली दुसरी प्रत

पुण्याजवळच्या कासारसाईच्या साखर कारखान्याला संत तुकारामांचं नाव आहे, आणि तिथून देहूही फार लांब नाही. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी कोरडी वर आली, ही कथा या पट्ट्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. त्या श्रद्धेला धक्का न लावता तिच्या शेजारी दुसरी एक हकीकत ठेवायला हवी. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले, वारकऱ्यांनी पाठ केले, आणि पुढे अभंगांच्या वह्यांच्या नकला गावोगाव झाल्या. १८६९ ते १८७३ या काळात विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी ‘इंदुप्रकाश’ छापखान्यासाठी गाथा छापायला घेतली, तेव्हा ताडून पाहायला देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या पोथ्या हाती होत्या. एखाद्या घराला आग लागली असती, एखादी पोथी वाळवीने खाल्ली असती, तरी बाकीच्या गावांत अभंग राहिलेच असते. घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप ठरवताना मला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. प्रती किती, यापेक्षा त्या कुठे आहेत हे आधी विचारावं.

याच पट्ट्यात, हिंजवडीच्या आसपासच्या गावांत आता घरोघरी कॉम्प्युटर आहे. त्यात मुलांचे लहानपणापासूनचे फोटो असतात, वाटणीपत्राचं स्कॅन असतं, बचत गटाचा हिशेब असतो, आजीच्या आवाजातल्या ओव्या असतात. काळजी घेणारी माणसं हे सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतात, आणि ती डिस्क कॉम्प्युटरला लावलेली तशीच ठेवतात. वैशाखात वळवाचा पाऊस येतो, वीज कडाडते, लाइट जाते, आणि परत येताना दाब वाढून येते. त्या एका झटक्यात कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली डिस्क दोन्ही जळू शकतात. चोर आला तर तो शेजारी ठेवलेल्या दोन्ही वस्तू उचलतो. खंडणीखोर व्हायरस शिरला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही कुलूप घालतो. तिन्ही वेळी दुसरी प्रत होती, पण पहिलीच्याच नशिबाला बांधलेली.

हे फक्त घरगुती अडाणीपणातून घडतं असंही नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं कामकाज ठप्प केलं. आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलवरही कंटेनर अडकून पडले. कंपनीच्या अख्ख्या नेटवर्कची नोंदवही सांभाळणारे सर्व्हर अनेक होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते, पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सगळेच पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधला एक. तिथे नेमकी लाइट गेली होती, म्हणून तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. तीच एक प्रत नेऊन पुढची उभारणी झाली. ज्या लाइट जाण्याच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्यानेच एवढ्या बलाढ्य कंपनीला तारलं. काम झालं की डिस्कची वायर काढून ठेवायची, एवढी साधी सवय त्यातून घ्यावी.

‘सगळं क्लाउडवर आहे, मग कशाला हा व्याप?’ असं कुणी म्हणेल. क्लाउड उपयोगी आहे, जरूर वापरावा. पण आपण ज्याला क्लाउड म्हणतो ते बहुतेक वेळा फक्त सिंक असतं. इथे फोटो खोडला की तिथलाही जातो. कचरापेटीतून तो परत आणता येतो, पण ठरावीक दिवसांतच. गूगलची फुकटची जागा १५ जीबी. अमर्याद फोटोंची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. शिवाय अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर ५०० जीबी वर चढवायला न थांबता साडेचार दिवसांहून जास्त लागतात. दुसरा आक्षेप सरकारी कागदांचा. आधार डिजिलॉकरमध्ये मिळतं, सातबारा महाभूमीच्या साइटवर मिळतो. खरं आहे, म्हणून त्यांची चिंता कमीच करावी. जे कुठल्याच कचेरीतून पुन्हा मिळणार नाही, त्याचा ढीग आधी वेगळा काढावा. तो सहसा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो, आणि खर्चाची तक्रारही तिथेच निम्मी होते.

माझ्या मते हिशेब असा बसतो: दोन साध्या हार्ड डिस्क घ्याव्यात, एक घरात वायर काढून, दुसरी परगावी बहिणीकडे किंवा मामाकडे. सणाला, जत्रेला येणं-जाणं असतंच. जाताना ताजी न्यायची, जुनी परत आणायची. ‘आपले खासगी कागद दुसऱ्याच्या घरी कसे ठेवायचे?’ ही शंका रास्त आहे, म्हणून डिस्क पासवर्ड घालून एन्क्रिप्ट करावी. तो पासवर्ड मात्र त्याच कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवू नये. खंडेनवमीला आपण कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहतो, फूल ठेवतो. त्याच दिवशी डिस्क जोडून दहा-बारा फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा. आणि पासवर्डचा कागद बँकेच्या पासबुकात घडी घालून ठेवावा, तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून.