विगनचा बिली
रग्बी म्हटलं की आपल्याला १५ जणांचा संघच आठवतो. पण उत्तर इंग्लंडच्या खाण-गिरणी कामगारांची रग्बी लीग निराळी, १३ जणांची, आणि हा आठवडा मी तिथल्या बिली बॉस्टनच्या जुन्या चित्रफितींत रमलो. चेंडू काखेत घट्ट, कडेच्या रेषेला खेटून धाव, आडवा येणाऱ्याला चुकवायच्या भानगडीत न पडता खांद्यानेच बाजूला सारणारा धिप्पाड गडी! १८९५ साली हडर्सफील्डच्या हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी मूळ रग्बी संघटनेपासून वेगळी चूल मांडली ती शनिवारी खेळणाऱ्या मजुराला खाड्याची भरपाई मिळावी म्हणून. त्या साहेबी संघटनेला तेवढंही खपत नव्हतं. कार्डिफच्या बंदरवस्तीत वाढलेला, सिएरा लिओनहून आलेल्या बापाचा बिली १९५३ मध्ये ३,००० पौंडांवर विगन क्लबकडे आला आणि त्याने तिथे ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय केले, म्हणजे इतक्यांदा चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला. १९५७ चा विश्वचषक आटोपून ऑस्ट्रेलियाहून परतताना ब्रिटिश संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळला. बिलीला मात्र वर्णामुळे परस्पर घरी धाडलं. वाचकहो, मला राग येतो तो बाकीचे मुकाट्याने खेळले याचा. ‘सर’ हा किताब त्याला मिळाला २०२५ च्या जूनमध्ये, वयाच्या नव्वदीत, आणि १३० वर्षांत रग्बी लीगच्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळाला. कामगारांच्या खेळाला कमी लेखल्याशिवाय इतका उशीर होत नाही. विगनकरांनी २०१६ मध्येच भर चौकात त्याचा पुतळा उभारला होता.