सहाव्या पदाची साक्ष

दोन ही संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करावा आणि असेच पुढे जावे. २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशी पदे मिळतात. प्रत्येकात एक मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत. सहावी संख्या मात्र ४,२९,४९,६७,२९७ इतकी मोठी होते. तीही मूळच असेल काय?

फ्रान्समधील थोर गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रांतून असे मत मांडले की, या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळ असावी. आपल्यापाशी सिद्धता नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले. १७२९ मध्ये गोल्डबाखने हा प्रश्न पत्राने ऑयलरपुढे ठेवला. आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की, सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७ येतो.

हा शोध म्हणजे अंधारात चाचपडणे नव्हे. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्यांमध्येच असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. त्या वाटेने गेल्यास १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा पाच भागाकारांत निकाल लागतो. आठवीतील विद्यार्थी तो आपल्या वहीत पडताळू शकतो. थोरांचा शब्द शाळकरी मुलाला तपासता यावा, हीच गणिताची लोकशाही होय, असे आम्ही मानतो. त्याने फर्माची थोरवी उणावत नाही.

या संख्येचा बोध वर्गापुरता नाही. पाच उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला, असे गणित मानत नाही. मग पाच चाचण्यांच्या गुणांवरून ‘हा मुलगा गणितात कच्चा’ असा कायमचा शेरा कोणत्या न्यायाने मारला जातो? ज्यांच्या घरात शिक्षणाची पहिलीच पिढी उभी राहत आहे, त्यांच्यासाठी असा शेरा म्हणजे बंद झालेले दारच. या मालिकेत पहिल्या पाचांपलीकडे आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. तरीही ‘पुढे ती नाहीच’ असे म्हणण्याचा अधिकार गणिताने कोणासही दिलेला नाही, कारण तशी सिद्धता नाही.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे : विद्यार्थ्यांनी पुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तरही पडताळून घ्यावे, आणि शिक्षकांनी व पालकांनी मुलाविषयी अखेरचा निर्णय देण्याची घाई करू नये. आजवरच्या अपयशातून उद्याच्या अपयशाची सिद्धता होत नाही.