मॉक संपल्यानंतरचा तास

बँकेच्या प्रिलिम्स तोंडावर आल्या की आपल्या क्लासच्या फलकावर टेस्टचे वेळापत्रक लागते. रोज एक सेक्शनल, रविवारी फुल मॉक. मुले एकमेकांना विचारतात ते ‘किती मॉक दिल्यास?’ पालकांनाही तोच आकडा हवा असतो आणि आपल्या जाहिरातींतही तोच छापलेला असतो. गणित आणि रीझनिंगमध्ये या पद्धतीने हात बसतो, वेग वाढतो. इंग्रजीत मात्र तसे होत नाही. पन्नासाव्या मॉकला मुलगा तीच चूक करतो जी त्याने पाचव्या मॉकला केली होती, फक्त अधिक वेगाने. इंग्रजीचे शिकवणे मॉक संपल्यावर सुरू होते आणि नेमका तोच तास आपल्याकडे सर्रास गाळला जातो.

आधी हिशेब मांडू. आयबीपीएसच्या क्लार्क प्रिलिम्समध्ये इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ४० सेकंद. उतारा वाचायचा वेळही त्यातच. पाच पर्याय, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. डोळे मिटून पाच प्रश्नांना टिक केले तर सरासरीने एक बरोबर येतो आणि चार चुकतात. एक गुण मिळतो, एक जातो. हाती शून्य. पण पाचांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या तिघांतला अंदाज दर प्रश्नाला सरासरी एक षष्ठांश गुण देऊन जातो. कटऑफ पाव-अर्ध्या गुणाने हुकलेली मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. आणि पर्याय बाद करणे म्हणजे काय? तो का चूक आहे हे सांगता येणे. बरोबर उत्तर ओळखण्याचा सराव आपण भरपूर देतो. चुकीचे उत्तर का चूक, हे मुलांच्या तोंडून वदवून घेण्याचा सराव जवळजवळ देतच नाही.

त्याऐवजी देतो नियमांची यादी. ‘एरर स्पॉटिंगचे शंभर रूल’ या नावाच्या झेरॉक्स पुण्याच्या सदाशिव पेठेपासून नांदेडच्या अभ्यासिकांपर्यंत फिरतात. यादीत वाईट काही नाही. पण यादी पाठ केलेल्या मुलाला प्रत्येक वाक्यात चूक दिसू लागते. ‘नो एरर’ हे ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तिथे अशी मुले हमखास गुण घालवतात, कारण त्यांनी वाक्य वाचलेलेच नसते, नियम कुठे बसतो ते शोधलेले असते.

हे एक वाक्य घ्या: ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हू हॅव क्लिअर्ड द एक्झाम वेअर डिस्प्लेड यस्टरडे.’ वर्गातल्या निम्म्या मुलांना यात काही खटकत नाही. आपण फळ्यावर नियम लिहितो, कर्त्याप्रमाणे क्रियापद, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. जरा थांबून हेच वाक्य मुलांना मराठीत सांगायला लावा. ‘परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांची यादी काल लावली गेली.’ यादी लावली गेली. ‘उमेदवारांची यादी लावले गेले’ असे दहावी नापास मुलगाही म्हणणार नाही. मग इंग्रजीत तोच मुलगा का फसतो? मराठीत विशेषणाचा सगळा पसारा नामाच्या आधी येतो. परीक्षा, उत्तीर्ण, उमेदवार हे सारे आधी उरकते आणि ‘यादी’ क्रियापदाच्या जवळ येऊन बसते. इंग्रजीत तो पसारा नामाच्या मागून येतो, ‘लिस्ट’ आणि क्रियापद यांच्यामध्ये घुसतो आणि क्रियापदाआधी ‘कँडिडेट्स हू हॅव’ हे अनेकवचन उभे राहते. कान मधल्या शब्दांना फसतो. हे एकदा कळले की मुलगा ‘ऑफ’पासून पुढचा भाग पेन्सिलीने कंसात टाकायला आपणहून शिकतो. त्याला तेविसावा रूल आठवावा लागत नाही.

‘वन ऑफ द’ची गोष्टही अशीच. ‘वन ऑफ द स्टुडंट’ ही चूक वर्षानुवर्षे सुटत नाही. पण ‘विद्यार्थ्यांपैकी एक’ म्हणताना अनुस्वार, म्हणजे अनेकवचन, आपोआप येते. ‘विद्यार्थ्यापैकी एक’ कोणी म्हणत नाही. म्हणजे नियम मुलाला ठाऊक आहे, तो इंग्रजीत उतरलेला नाही, इतकेच.

मराठी काही ठिकाणी चकवतेही, आणि तेही उघडपणे सांगायला हवे. ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो’ यातला साधा वर्तमानकाळ आणि ‘पासून’ जसेच्या तसे उचलले की ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स टू इयर्स’ तयार होते. आपल्या ‘पासून’ला सुरुवातीचा क्षणही चालतो आणि कालावधीही, इंग्रजीत त्यासाठी ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ असे दोन शब्द आहेत आणि वर काळही बदलावा लागतो. ‘विषयी चर्चा’मधून ‘डिस्कस अबाउट’ येते, ‘तिच्याशी लग्न’मधून ‘मॅरिड विथ’. आर्टिकल तर मराठीत नाहीतच, तिथे तुलनेचा उपयोग नाही, भरपूर वाचन हाच उपाय. पण बाकीच्या चुका मोजक्या आहेत, ओळखीच्या आहेत आणि त्यांचे मूळ मराठीत सांगता येते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या दोन भाषा शेजारी ठेवूनच. आज मराठी माध्यमाच्या मुलांच्या वर्गात ‘ओन्ली इंग्लिश’ची पाटी लावून आपण त्यांच्या हातातले सर्वांत चांगले हत्यार काढून घेतो.

या मुलांचा विचार आता अधिकच करायला हवा. २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या शिफारशीनंतर सार्वजनिक बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा प्रादेशिक भाषांतूनही देता येऊ लागली. मराठीतून गणित आणि रीझनिंग सोडवणारा मुलगा त्या दोन विभागांत आता मागे पडत नाही. स्थानिक भाषेची चाचणीही मराठीचीच, तिची त्याला भीती नाही. त्याच्या आणि नोकरीच्या मध्ये इंग्रजीचा विभाग एकटा उरला आहे. आणि राज्य शासनाने २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यामुळे हा मुलगा पदवीपर्यंत पंधरा वर्षे तो विषय शिकलेला असतो. त्याला पुन्हा ‘नाउन म्हणजे काय’पासून सुरुवात करून देणे हा त्याच्या वेळेचा अपमान आहे. त्याच्या चुका कुठे आहेत ते आधी पाहू या आणि तिथूनच शिकवू या.

शब्दसंग्रहाबद्दलही तेच. रोज वीस शब्द, त्यांचे समानार्थी, विरुद्धार्थी, पाठ करून शुक्रवारी टेस्ट. पाठ केलेले किती वेगाने विसरले जाते हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. पण विसरणे हा एकच दोष नाही. सुटा शब्द पाठ असला तरी क्लोज टेस्टमध्ये तो कामाला येत नाही, कारण तिथे विचारले जाते शब्द कोणासोबत बसतो ते. ‘डिफॉल्ट’ येतो, पण ‘डिफॉल्ट ऑन अ लोन’ येत नाही. ‘कंप्लाय’ येतो, ‘विथ’ राहून जातो. ‘कर्ब’चा अर्थ लिहिता येतो, पण तो महागाईला लागतो आणि आनंदाला लागत नाही, हे कोणी सांगितलेले नसते. शब्द द्यायचा तर त्याच्या शेजाऱ्यासकट द्यावा. वीस सुट्या शब्दांपेक्षा पाच जोड्या बऱ्या.

बँकेच्या परीक्षेत उतारे पुष्कळदा अर्थव्यवस्थेवरचे असतात, आणि इथे आपल्या मुलांजवळ मोठी शिदोरी आहे जी आपण उघडतच नाही. सातबाऱ्यावर बोजा चढणे म्हणजे काय, तारण काय ठेवतात, पीककर्जाचे नवे-जुने कसे करतात, हे शेतकऱ्याच्या मुलीला घरातून माहीत असते. २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी तिने घरी अनुभवलेली असते. २०२० च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती दिली तेव्हा घरात ट्रॅक्टरच्या हप्त्याची चर्चा झालेली असते. तिला ‘मोराटोरियम’, ‘कोलॅटरल’, ‘वेव्हर’ हे शब्द या माहितीशी जोडून दिले तर ते पाठ करावे लागत नाहीत. त्या विषयावरचा उतारा समोर आला की शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा ती तो लवकर समजेल, कारण उताऱ्यातली गोष्ट तिची आहे. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण दर दोन महिन्यांनी जाहीर होते, गव्हर्नरांचे निवेदन बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यातले दोन परिच्छेद आणि दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रातली तीच बातमी शेजारी ठेवून तासभर वाचावी. पीओच्या मेन्समध्ये निबंध टाइप करायची वेळ येते तेव्हा हाच तास उपयोगी पडतो. तिथे पर्याय नसतात.

हे करायचे तर वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर आहे, मॉक कमी करा. आठवड्याला इंग्रजीच्या तीन सेक्शनल पुरेत, उरलेल्या दिवशी त्याच तीन उलगडा. प्रत्येक मुलाची एक चुकांची वही असावी. वहीत प्रश्न उतरवून घ्यायचा, आपण निवडलेला पर्याय लिहायचा आणि तो का निवडला हे एका वाक्यात लिहायचे, हवे तर मराठीत. ‘मला वाटले उमेदवार अनेक आहेत म्हणून वेअर.’ हे वाक्य शिक्षकाला जे सांगते ते कोणत्याही ॲपमधला अ‍ॅक्युरसीचा आलेख सांगत नाही. साठ मुलांच्या वर्गात सगळ्या वह्या रोज तपासणे जमणार नाही. रोज दहा तपासल्या तरी आठवडाभरात सगळ्या नजरेखालून जातात आणि तीच पाच-सात कारणे पुन्हा पुन्हा येताना दिसतात. पुढच्या आठवड्याचा अभ्यासक्रम तिथून ठरवावा.

पुढील अंकापासून अशा चुकांसाठी आम्ही दोन पाने राखून ठेवत आहोत. आपल्या वर्गात वारंवार दिसणारी एक चूक, मुलाने तिचे दिलेले कारण आणि ती दूर करायला आपण काय केले, एवढे लिहून पाठवावे. मुलांची नावे देऊ नयेत. कारण मुलाच्याच शब्दांत, जसे त्याने लिहिले तसे, उतरवावे. शुद्धलेखन सुधारू नये.