यंत्राला घसारा, मग मातीला का नाही?



वार्षिक अहवाल हाती पडला की आपण आधी दराचा आकडा बघतो. मग गाळप किती, उतारा किती, कर्ज किती फिटले. एखादा चिकित्सक सभासद पुढे जाऊन घसाऱ्याचे पान उघडतो. बॉयलर, टर्बाइन, जीपगाड्या, इतकेच काय गट ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलांचासुद्धा घसारा तिथे दरसाल धरलेला असतो. वापरली की वस्तू झिजते. ती झीज खर्चात धरली नाही तर नफा उगाच फुगलेला दिसतो. हिशेबाची ही रीत चांगली आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण ज्या रानातून ऊस येतो त्या रानाची झीज अहवालात कुठेच नाही. आम्हा शेतकी विभागाच्या माणसांना ही गोष्ट बरेच दिवस खुपते आहे.

कुणी म्हणेल, रान सभासदाचे आहे, कारखान्याने त्याचा हिशेब का ठेवावा? कायद्याने म्हणणे बरोबर. पण एकरी टनेज घसरले तर मिल रिकामी राहणार आणि कर्जाचा हप्ता काही थांबणार नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पाणथळ होऊन खारावलेली राने आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती एका रात्रीत खारावली नाहीत. पाणी जास्त झाले, निचरा नव्हता, क्षार वर आले. पण वर्षानुवर्षे ऊस वजनकाट्यावर येत होता, तोवर कागदोपत्री सगळे आबादीआबाद होते.

आता पाचटाचे घ्या. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात साधारण ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश असते, शिवाय सेंद्रिय कर्ब वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. काडी लावली की नत्र आणि कर्ब धूर होऊन जातो. एखाद्या गटात शंभर हेक्टरांचे पाचट पेटले तर नुसत्या नत्राच्या हिशेबाने युरियाची दोनशे ते अडीचशे पोती गेली म्हणा. कारखान्याच्या गोदामातून अडीचशे पोती गेली असती तर काय झालं असतं? चौकशी बसली असती, गोदाम कीपर घरी गेला असता! रानातून गेली तर कुणी हूं की चूं करत नाही, कारण त्याचं खातंच नाही.

खाते निघाले की वस्तूकडे बघण्याची नजर बदलते, हा तर आपल्याच धंद्यातला अनुभव आहे. मोलॅसिस ही एकेकाळी कारखान्यांची डोकेदुखी होती. तिचा टनावारी हिशेब लागला, डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. बगॅसचे तेच. आज त्यावर वीज होते आणि ती विकली जाते.

पाण्याचा हिशेब तर बसल्या बसल्या करता येतो. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. पाटाने भिजणाऱ्या आडसालीला सगळे मिळून शंभर इंच धरा. एकरी कोटीभर लिटर झाले. एकरी ४० टन ऊस आणि ११ टक्के उतारा धरला तर साखर निघाली ४४ क्विंटल. भागाकार केला की किलोमागे दोन हजार लिटरच्या वर पाणी पडते. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हा सगळ्या राज्याने उसाकडे बोट दाखवले. आपल्याकडे उत्तर द्यायला आकडाच नव्हता. ठिबक करून निम्मे पाणी वाचवणारे सभासदही त्या बोटाखाली आले.

आणि टोळ्या. ताळेबंदाबरोबरच्या पत्रकात 'ऊस तोडणी व वाहतूक' अशी एकच ओळ असते. त्या एका ओळीत उचल आली, मुकादमाचे कमिशन आले, ट्रॅक्टरचे भाडे आले; माणूस मात्र दिसत नाही. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भाशये काढलेली निघाली. खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड, म्हणून दुखणे कायमचे काढून टाकायचे! कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये भरायचे ठरले आहे, ते योग्यच. पण पैसे भरले म्हणजे हिशेब झाला असे नव्हे. आपल्या फडावर कोयते किती, विमा किती जणांचा, बरोबरची मुले शाळेत किती जातात, पाण्याची नि संडासाची सोय किती तळांवर आहे, हे आकडे छापायला कुणाची मनाई आहे?

शेअर बाजारातल्या मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल देणे सक्तीचे झाले आहे. सहकारी कारखान्यांना ते बंधन नाही. नसू द्या. भागधारकापेक्षा सभासद जवळचा, तोच ऊस पिकवतो आणि तोच मालक. त्याला जास्त कळायला हवे, कमी नव्हे.

यात दोन अडचणी येतील. हिशेबनीस म्हणतील, मातीची किंमत रुपयांत कशी धरायची? आमचे म्हणणे, धरूच नका. पाणी लिटरमध्ये, कर्ब टक्क्यांत, माणसे संख्येत लिहा आणि ताळेबंदाशेजारी वेगळे पान जोडा. ओढूनताणून रुपये केले की त्यात लबाडी शिरते. दुसरी अडचण जास्त खरी आहे. सभासदांना भीती वाटते की आपल्या रानाचा कर्ब ०.४ निघाला हे चारचौघांत झाले तर जमिनीचा भाव पडेल, सोयरीकसुद्धा मोडेल म्हणतात. म्हणून नाव कुणाचेही छापू नये. गावाची सरासरी द्यावी, सभासदाचा आकडा सभासदालाच द्यावा.

नवीन माणूस, नवीन खर्च फारसा नाही. ऊस नोंदीला चिटबॉय रानात येतोच. पूर्वी वही होती, आता मोबाईल आहे. जात, लागणीची तारीख आणि गट नंबर यांच्यापुढे तीन रकाने वाढवायचे: पाचट ठेवले की जाळले, पाणी पाटाचे की ठिबकचे, आणि माती परीक्षणातला कर्ब. तळावरची माहिती स्लिप बॉयने पंधरवड्याला आणावी.

हा विषय यंदाच्या वार्षिक सभेपुढे ठेवावा अशी विनंती आम्ही संचालक मंडळाला करत आहोत. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी सभेच्या आधी आपल्या गट ऑफिसात लेखी कळवावे. रकान्यांत काय वाढवावे, काय गाळावे तेही सांगावे. खोडव्याच्या नोंदी सुरू होण्यापूर्वी नमुना छापून घ्यायचा आहे.