पंचवीसची रेघ कुणाची?

मंडळी, आज जरा भांडायचंय. आमच्या गोतावळ्यात सध्या एक आकडा फार लाडका झालाय. बीएमआय! किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उत्तर २५ च्या आत आलं की "मी नॉर्मल", आणि लगेच श्रीखंडाची दुसरी वाटी.

पण ही २५ ची रेघ कुणाच्या अंगावरून ओढली? मुख्यतः गोऱ्या लोकांच्या. बीएमआय चरबी मोजतच नाही हो, वजनावरून नुसता अंदाज बांधतो. देहाची ठेवण बदलली की अंदाज चुकणारच.

पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! हे जन्मापासूनच सुरू होतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ वर सावध व्हा असं सांगितलं, पण मूळची रेघ काही पुसली नाही. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा ठरवला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जादा वजन मोजलं ते २५ पासूनच. म्हणजे मधली सगळी माणसं सरकारी कागदावर ठणठणीत!

कुणी म्हणेल, शास्त्र सगळ्यांना सारखंच. अगदी मान्य. मधुमेह सारखाच आहे, पण त्याची चाहूल देणारा आकडा सारखा नाही. दुसरा म्हणेल, रेघ खाली आणली की औषधवाल्यांचं फावतं. अहो, २३ ओलांडलं म्हणजे गोळी घ्या असं कुठे म्हटलंय? साखर तपासा, चालायला लागा, एवढंच.

तेव्हा काका-मावश्यांनो, साडेपाच फुटांच्या आतबाहेर उंची आणि ६६ किलो वजन असेल तर "नॉर्मल" म्हणून गप्प बसू नका. शिंप्याची टेप आणा आणि पोट मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. पोट आत ओढून मोजायचं नाही, बरं का!