कॉम्प्युटरची किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमचे हे फिरतीवर गेले आणि नेमका त्याच आठवड्यात नवा प्रिंटर आणावा लागला. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांचे गुण द्यायचे होते. प्रिंटरचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, तर पडद्यावर चौकट उभी: ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या! तो यांच्याजवळ, आणि यांचा फोन लागेना. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन रात्री शेजारच्या वहिनींचं दार वाजवलं.

यामागची हकिगत अशी. आठवीतल्या आमच्या चिरंजीवांनी कुठल्याशा फुकट खेळाबरोबर नको ते पाहुणे घरात आणले होते. ब्राउझर उघडला की जाहिरातींचा पाऊस! म्हणून यांनी मुलाचं खातं 'स्टँडर्ड' केलं, आणि माझंही. मुलाचं समजू शकते हो, पण माझं? राग आला होता, बरं का.

पण विचार केल्यावर वाटलं, चूक खातं बदलण्यात नव्हती. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात बसून काम करताना काही वाईट शिरलं, तर ते साऱ्या कॉम्प्युटरवर हात मारतं. तेव्हा रोजच्या कामाला सर्वांचीच खाती स्टँडर्ड हवीत, यांचंसुद्धा. चुकलं ते एवढंच, की किल्ली एकाच्याच खिशात राहिली.

म्हणून आता आम्ही 'घर' नावाचं वेगळं खातं उघडलं आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, तिथं अकाउंट्स, मग अदर युजर्स. या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, एकदा त्यात शिरून पासवर्ड चालतो ना ते पाहा, आणि मगच आपलं खातं स्टँडर्ड करा. हा क्रम चुकवू नका, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल! पासवर्ड दोघांना पाठ हवा, शिवाय कागदावर लिहून रेशनकार्डाजवळ ठेवावा. रोज या खात्यात कुणी बसायचं नाही. काही बसवायचं झालं, तर आपल्याच खात्यात ती चौकट येते. तिथं 'घर'चा पासवर्ड दिला की झालं.

तरी निर्धास्त होऊ नका. काही सॉफ्टवेअर त्या एका खात्यापुरतंच बसतं आणि पासवर्ड मागतही नाही. झूम असं बसू शकतं. ते आपल्या खात्यातल्या यादीत दिसत नाही, मुलाच्याच खात्यात पाहावं लागतं. तो झोपल्यावर चोरून नव्हे हं, त्याला शेजारी बसवून! मी तसंच केलं. दोन खेळ त्यानं आपणहून काढले, एकासाठी मात्र हुज्जत घातली. तो ठेवू दिला.

आता हवं असेल त्याचं नाव तो वहीत लिहितो, आणि बनवणाऱ्यांच्याच साइटवरून आम्ही दोघं उतरवून घेतो. पासवर्ड घालताना "मान वळव" म्हटलं, की हसतो.

यांचं खातं तेवढं स्टँडर्ड व्हायचं राहिलं आहे. रविवारी करतो म्हणालेत.