झुरळे पाळू, पण पालापाचोळ्यासह

आठवीच्या विद्यार्थ्यांनी मादागास्करची फुसफुसणारी झुरळे प्रयोगशाळेत पाळण्याची परवानगी मागितली आहे. काही पालकांनी नाक मुरडले, ते स्वाभाविकच. परंतु हे स्वयंपाकघरातले झुरळ नव्हे. त्याला पंख नसतात. पोटाच्या बाजूच्या श्वासछिद्रांतून जोराने हवा सोडून ते आवाज काढते. नर तर डोक्यामागच्या उंचवट्यांनी एकमेकांना चक्क ढकलतात!

आमचा आग्रह एवढाच की, त्यांना प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यात कोंडू नये. जंगलातील पालापाचोळ्यात राहणारा हा जीव. काचेच्या पेटीत ओलसर माती, वाळकी पाने, सालीचे तुकडे घालावेत आणि झाडे चिवट लावावीत, कारण कोवळी पाने ती फस्त करतात. ही झुरळे काचेवरही सहज चढतात. झाकण घट्ट हवे. परदेशी जीव शाळेच्या बागेत सुटता कामा नये.

ही झुरळे २ ते ५ वर्षे जगतात. आजची आठवी दहावी होऊन बाहेर पडेल, मग त्यांचे कोण पाहणार? शिवाय ग्वाल्हेरचा मे महिना, पारा ४० अंशांपार, आणि शाळा बंद! सुट्टीत पाणी-गाजर देण्याची पाळी कोणाची, हे नावानिशी लिहून आले की पेटीचा खर्च आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवू.